ओळख पटवण्याची कामं करणाऱ्यांसाठी सामायिक संग्रह : प्रकल्प नोंदी

२५ मे २०२४

शेवटी बैठक झाली. कोथरूडला एका सहकाऱ्याच्या घरी, पोहे-चहावर. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत लॉगिन आणि अ‍ॅक्सेस सांभाळणारे आम्ही काही जण, सहकारी बँकेत केवायसी बघणाऱ्या ताई, एका कॉलेजच्या संगणक विभागातले सर आणि बारामतीकडे आपले सरकार सेवा केंद्र चालवणारा दादा. सेवा केंद्रवाल्याला कशाला बोलावलं, असं एकानं आडून विचारलंच. समोरचा माणूस कोण आणि त्याला कुठपर्यंत आत सोडायचं, हे दिवसभर तोही ठरवतो आणि आम्हीही ठरवतो. आमच्याकडं त्याला इंग्रजी पदनाम आहे आणि पगार बरा आहे, एवढंच.

अडचण सगळ्यांची एकच निघाली. प्रश्न अडला की व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा, कोणीतरी जाणता उत्तर देतो आणि ते उत्तर चार दिवसांत सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पुन्हा. म्हणून अशा उत्तरांच्या टिपणांचा एक सामायिक मराठी संग्रह करायचा.

इंग्रजीत आयडीप्रो या व्यावसायिकांच्या संस्थेचा ज्ञानसंग्रह २०२० पासून सगळ्यांना खुला आहे. तो वाचावाच, पण त्याची मराठी नक्कल करण्यात हशील नाही. सॅमल, ओऑथ, ओपनआयडी कनेक्ट ही लॉगिन आणि परवानगीची मानकं कशी चालतात हे तिथं आणि मूळ मानकांत नीट दिलेलं आहे. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आणि ओटीपी जाणारा नंबर थोरल्या मुलाच्या खिशात, असला गुंता मात्र तिथं कुठून सापडणार?

ठरलं ते असं: प्रत्येक टिपण प्रश्नानं सुरू होईल, आणि तो प्रश्न खिडकीवर किंवा हेल्पडेस्कवर जसा ऐकू आला तसाच लिहायचा. व्याख्या मागाहून. सर नाराज दिसले. त्यांना पहिलं प्रकरण ‘ओळख म्हणजे काय’ हवं होतं.

१ जून २०२४

आज सकाळपासून गटावर वाढदिवसांचा पाऊस. महाराष्ट्रात १ जूनला एवढी माणसं का जन्मली हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. घरी जन्मनोंद नसायची, शाळा जूनमध्ये भरायची, मास्तर पोराच्या उंचीकडं बघून वर्ष ठरवायचे आणि पुढं १ जून लिहून मोकळे व्हायचे.

त्यावरूनच पहिलं टिपण लिहायला घेतलं: ‘फोनवर माणूस पासवर्ड बदलून मागतोय, जन्मतारीख बरोबर सांगतोय, देऊ का?’ नाही. जन्मतारीख तशीही गुपित राहिलेली नाही, आणि आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या कर्मचाऱ्यांत तर ‘१ जून’ असं ठोकून दिलं तरी नेम लागायची शक्यता बरीच. त्याऐवजी काय करायचं तेही लिहिलं: कंपनीच्या नोंदीत असलेल्या नंबरवर आपण उलटा फोन करायचा, किंवा साहेबाकडून व्हिडिओवर दुजोरा घ्यायचा. फोन करणाऱ्यानं तिथल्या तिथं दिलेल्या नव्या नंबरवर काहीही पाठवायचं नाही.

बँकेच्या ताईंनी याची दुसरी बाजू दाखवली. एकाच माणसाच्या दोन नोंदी झाल्यात का, हे शोधणारं सॉफ्टवेअर नाव आणि जन्मतारीख जुळली की खूण करतं. नाव ‘सुनील पाटील’ आणि तारीख १ जून असली की खुणांचा ढीग लागतो, आणि तो उपसताना खरी दुबार नोंद नजरेतून सुटते. म्हणून १ जूनला जुळणीत कमी वजन द्यायचं. बऱ्याच प्रणाली नुसतं वर्ष माहीत असेल तिथं १ जानेवारी भरून टाकतात, तिलाही तसंच. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागणार आहे, त्यामुळं नवी पिढी यातून सुटेल. आपल्या डेटाबेसांत बसलेली माणसं मात्र अजून कैक वर्षं तिथंच आहेत.

१५ जून २०२४

कारभाराच्या गोष्टी. मजकूर मार्कडाउनच्या, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलींत, आणि त्या गिटमध्ये, म्हणजे कोणी काय बदललं याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत. वाचणाऱ्यासाठी प्रत्येक टिपणाची वेगळी पीडीएफ, मोबाइलवर बोटानं न ताणता वाचता येईल अशी. परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा: कोणीही वापरावं, बदलावं, श्रेय द्यावं आणि बदललेलंही खुलं ठेवावं.

प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर दोन ओळी सक्तीच्या: ‘शेवटचं कधी तपासलं’ आणि ‘कोणी सांभाळायचं’. दुसरी ओळ रिकामी असेल तर टिपण संग्रहात जाणार नाही. यावर कुरकुर झाली. मी हटून बसलो. मालक नसलेल्या खात्यांनी काय गोंधळ होतो ते आम्ही रोज बघतो, मग मालक नसलेलं टिपण कसं चालवून घ्यायचं?

आणखी एक नियम: खरा आधार किंवा पॅन क्रमांक कुठंही नको, अर्धा झाकलेलाही नको. कंपनीच्या पडद्यांची चित्रंही नकोत.

१३ जुलै २०२४

नावांचं टिपण. याला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि माझ्या मते संग्रहातलं सगळ्यात उपयोगी हेच ठरेल.

कर्मचाऱ्यांची खाती एका प्रणालीतून दुसरीत नेण्यासाठी ‘स्किम’ हे २०१५ चं मानक वापरतात. त्यात नावाचे कप्पे आहेत: पहिलं, मधलं, कुटुंबाचं, आणि शिवाय पूर्ण नाव जसं दिसावं तसं लिहायचा एक कप्पा. आपल्याकडचं नाव या कप्प्यांत बसवताना होणारे प्रकार मांडले. बनावट उदाहरण घेतलं: दहावीच्या गुणपत्रिकेवर ‘पवार मंगल शंकर’. लग्नानंतर आधारवर ‘मंगल दिलीप शिंदे’. पॅनवर अजून माहेरचंच. बँकेत ‘मंगला डी शिंदे’. चारही कागद खरे, बाई एकच. मानव संसाधन विभागाच्या फॉर्मनं ‘पवार’ला पहिलं नाव समजून ईमेल आयडी तयार केला की पुढं सगळीकडं तोच पसरतो. इंग्रजी स्पेलिंगचा घोळ वेगळाच: विश्वासमधला दुसरा ‘व’ व्ही की डब्ल्यू, दीपकला दोन ई की एक आय, आणि ज्योत्स्नाबद्दल तर न बोललेलं बरं.

यात आता भर पडली आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावाचा क्रम सरकारी कागदांवर असा असेल: मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. निर्णय चांगलाच आहे, पण मधल्या नावासाठी एकच कप्पा ठेवून त्यात एकच शब्द मावेल असं गृहीत धरणाऱ्या प्रणाली आता अडतील. नोकरीच्या प्रणालींना अजून अठरा वर्षांची सवड आहे. दवाखाने आणि लसीकरणाच्या नोंदींना एक दिवसाचीही नाही, शाळांना थोडीफार.

शिफारस लिहिली ती अशी. पूर्ण नाव जसं कागदावर आहे तसं एका कप्प्यात अखंड ठेवा. तुकडे हवे असतील तर वेगळे साठवा, पण तुकड्यांवरून पूर्ण नाव पुन्हा जोडू नका. ‘हाक मारायचं नाव’ माणसाला स्वतः भरू द्या. ईमेल आयडी आणि अंतर्गत ओळख क्रमांक वेगळे ठेवा, म्हणजे लग्न, घटस्फोट किंवा राजपत्रातून नाव बदललं तर नुसतं नाव बदलेल, मागची सगळी अ‍ॅक्सेस तुटणार नाही.

सेवा केंद्राच्या दादानं एक ओळ घालायला लावली: आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, जन्मतारीख एकदाच. तेव्हा कोणता कागद आधी दुरुस्त करायचा हे अर्ज भरण्यापूर्वी ठरवा. ‘लोक घाईत एक संधी स्पेलिंगवर घालवतात, मग लग्नानंतर दुसरी जाते, आणि मग माझ्याशी भांडतात,’ असं त्याचं म्हणणं.

२० जुलै २०२४

काल एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं जगभरातली विंडोज यंत्रं कोलमडली. आपल्याकडच्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. आमच्यासाठी त्यात एक वेगळाच धडा होता: यंत्र दुरुस्त करायला डिस्क उघडणारी रिकव्हरी किल्ली हवी, ती किल्ली डिरेक्टरीत (सगळ्यांची खाती ठेवणाऱ्या मध्यवर्ती नोंदीत), आणि काही ठिकाणी डिरेक्टरीचा सर्व्हरच निळा पडदा दाखवत बसलेला.

‘आणीबाणीचं खातं कसं ठेवावं’ हे टिपण एका रात्रीत लिहून झालं. सगळे नुकतेच चिडलेले होते. निदान दोन खाती. सिंगल साइन-ऑनवर (एकाच लॉगिननं सगळी अ‍ॅप उघडण्याच्या सोयीवर) अवलंबून नसलेली. कोणा एकाच्या मोबाइलला बांधलेली नकोत, हार्डवेअर की (लॉगिनसाठीचं छोटं उपकरण) वापरावी आणि ती पाकिटात मोहोरबंद ठेवावी. खातं वापरलं गेलं की लगेच दोघा-तिघांना इशारा जावा. आणि अधूनमधून खरंच उघडून बघावं. पाकीट आहे पण आतली की गेल्या वर्षी बदललेल्या प्रणालीत चालतच नाही, हे संकटाच्या रात्री कळून काय उपयोग?

२४ ऑगस्ट २०२४

दादा गेला महिनाभर गायब होता, लाडकी बहीणच्या अर्जांत. आज आला तो एक टिपण घेऊनच, वहीच्या पानावर पेनानं लिहिलेलं. प्रश्न: ‘बँकेत आधार लिंक आहे, मेसेजही आला होता, तरी दीड हजार आले नाहीत. का?’

कंपनीतल्या मंडळींना यात काय शिकण्यासारखं आहे असं वाटेल, म्हणून इथं सविस्तर लिहून ठेवतो. बँकेनं खात्याच्या नोंदीत आधार क्रमांक लिहून घेणं ही एक गोष्ट. योजनेचे पैसे मात्र आधार क्रमांकावर पाठवले जातात, आणि कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत वळवायचे याची यादी एनपीसीआय या बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे असते. त्या यादीत एका आधारपुढं एकच बँक. खातेदारानं संमती देऊन ज्या बँकेत शेवटचं सीडिंग (या यादीतली आधार-बँक जोडणी) करून घेतलं, ती. त्यामुळं बाई अर्जात एका बँकेचं पासबुक जोडते आणि पैसे जाऊन पडतात कधीकाळी उघडलेल्या जनधन खात्यात, ज्याचं पासबुक कुठं आहे हे घरात कोणालाच आठवत नाही. पैसे ‘आले नाहीत’ म्हणून रडणाऱ्या निम्म्या बायकांचे पैसे आलेले असतात, असं दादा म्हणाला. हा त्याच्या खिडकीवरचा अंदाज. टिपणात ‘निम्म्या’ हा शब्द घेतला नाही.

उपाय: आधी आधार प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती बघायची. तिथं जी बँक दिसेल तिथं पैसे शोधायचे. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा संमती अर्ज द्यायचा, नुसती केवायसी पुन्हा करून चालत नाही.

आमच्या खराडीच्या मित्रानं हे वाचून लगेच ओळखलं: एका प्रणालीत ओळख नोंदलेली आहे, पण निर्णय घेणारी यादी दुसरीकडंच आहे. त्याच्या कंपनीतही गटात नाव दिसतं आणि दार उघडत नाही. संग्रहात दोन्ही टिपणं एकमेकांना जोडली.

१४ सप्टेंबर २०२४

गणपती. निम्मे लोक कोकणात, नेटवर्क नाही. काम शून्य.

५ ऑक्टोबर २०२४

आज सगळ्यात तांत्रिक टिपण पुरं झालं. प्रश्न: ‘माणूस शुक्रवारी नोकरी सोडून गेला, खातं त्याच संध्याकाळी बंद केलं, तरी सोमवारी त्याच्या नावानं फाइल उतरली. कशी?’

खातं बंद केलं म्हणजे डिरेक्टरीत एक खूण बदलली. त्यानं नवं लॉगिन थांबतं. आधीच उघडलेलं सत्र थांबेलच असं नाही. सिंगल साइन-ऑनचं सत्र वेगळं, प्रत्येक अ‍ॅपनं स्वतः ठेवलेलं सत्र वेगळं. त्यापुढं टोकन, म्हणजे लॉगिननंतर मिळणारा डिजिटल पास. अ‍ॅक्सेस टोकन स्वतःतच सगळी माहिती आणि सही घेऊन फिरणारं असेल, तर ते तपासणारी सेवा डिरेक्टरीला विचारायला जातच नाही; सही बरोबर, मुदत शिल्लक, या आत. म्हणून अशा टोकनची मुदत मिनिटांत ठेवावी आणि रिफ्रेश टोकन (मुदत संपली की नवं अ‍ॅक्सेस टोकन मिळवून देणारं) जाणाऱ्या दिवशी स्वतंत्रपणे रद्द करावं. त्याशिवाय त्या माणसानं स्वतःच्या नावानं काढलेल्या एपीआय की (प्रोग्रामला आत सोडणाऱ्या किल्ल्या), कोणत्या तरी अ‍ॅपमधलं सिंगल साइन-ऑनच्या आधीचं जुनं स्थानिक खातं, आणि तीन जण मिळून वापरत असलेल्या सर्व्हिस खात्याचा (माणसाऐवजी प्रोग्रामसाठी काढलेल्या खात्याचा) पासवर्ड. वरच्या प्रकरणात हेच शेवटचं होतं.

‘स्किम’मधून खातं पुसायचं की निष्क्रिय करायचं, यावर वाद झाला. बहुमत निष्क्रियच्या बाजूनं. पुसलं तर जुन्या लॉगमधला क्रमांक कोणाचा हे सांगणारं काही उरत नाही, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणं लॉग १८० दिवस ठेवावेच लागतात. तपासणीला आलेल्या माणसाला नुसता क्रमांक दाखवून काय सांगणार?

जाणाऱ्याबद्दल निदान भीती तरी असते. बदलीवाल्याकडं कोणी बघत नाही. वसुलीतून लेखा विभागात गेलेल्या माणसाला नवे अधिकार त्याच दिवशी मिळतात, कारण तो स्वतः मागतो. जुने काढा असं कोण म्हणणार? दहा वर्षं कंपनीत असलेला माणूस म्हणजे वाड्यातल्या प्रत्येक खोलीची किल्ली कनवटीला लावून फिरणारा जुना कारभारी. सरकारी कचेरीत निदान चार्ज देण्या-घेण्याची रीत आहे: कपाट, रजिस्टर, शिक्का, सह्या. टिपणात तोच सांगाडा घेतला. बदलीचा आदेश निघाला की जुन्या साहेबानं जुन्या अधिकारांची यादी बघून प्रत्येकापुढं ‘ठेवा’ किंवा ‘काढा’ लिहायचं. काहीच न लिहिलं तर ठराविक मुदतीनंतर ते आपोआप निघणार. मुदत किती, हे ज्याच्या त्याच्या कंपनीनं ठरवावं.

१९ ऑक्टोबर २०२४

‘रुजू होताना आधारची झेरॉक्स घ्यायची का?’ हा प्रश्न एका मानव संसाधनवाल्या मैत्रिणीकडून आला.

झेरॉक्सनं काहीही सिद्ध होत नाही, हे आधी लिहिलं. बारावा अंक तपासणी अंक असतो, व्हरहॉफ पद्धतीचा; एक अंक चुकला किंवा शेजारचे दोन उलटे पडले तर तो पकडतो. म्हणजे टाइप करताना चूक झाली का ते कळतं. तो क्रमांक अस्तित्वात आहे का आणि समोरच्याचा आहे का, हे त्यातून कळत नाही. कार्डावरच्या क्यूआर कोडवर मात्र प्राधिकरणाची डिजिटल सही असते. तो प्राधिकरणाच्या अ‍ॅपनं स्कॅन करून आतला फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडून बघणं हे झेरॉक्सपेक्षा कितीतरी पक्कं काम, आणि पुढं कपाटात साठवायला कागदही उरत नाही. प्रत ठेवावीच लागली तर शेवटचे चारच अंक दिसणारी. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनसाठी आधार लागतो, त्यामुळं ‘आम्ही आधारला हातच लावत नाही’ हेही चालणार नाही. मात्र २६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर खासगी कंपनीनं वाटेल त्या कामाला ते सक्तीचं करणं बसत नाही.

जाता जाता: मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या एका प्रादेशिक कार्यालयानं झेरॉक्स कोणालाही देऊ नका असं जाहीर केलं, आणि त्याचा चुकीचा अर्थ लागेल म्हणून दोन दिवसांत ते मागं घेतलं गेलं. झेरॉक्सवाल्यांचा धंदा वाचला.

डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम अजून यायचेत. त्यामुळं ‘प्रत किती दिवस ठेवावी’ हा भाग मोकळा ठेवला आहे.

९ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या सुट्टीत सरांनी आपलं ‘ओळख म्हणजे काय’ लिहूनच आणलं. चांगलं आहे, आणि मुख्य म्हणजे दीड पानाचं आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शिकेतली विभागणी त्यांनी घेतली: माणूस कोण हे किती खात्रीनं ठरवलं आणि लॉगिन किती खात्रीचं, यांच्या पातळ्या वेगळ्या मोजायच्या. आधार ई-केवायसी करून घेतलेल्या ग्राहकाला चार अंकी पिनवर आत सोडणारी अ‍ॅप आहेत, आणि ग्राहक कोण हे धड न विचारता त्याला हार्डवेअर की देणाऱ्या कंपन्याही. दोन्ही उदाहरणं ताईंनी पुरवली.

त्याच मार्गदर्शिकेत एसएमएसवरचा ओटीपी ‘मर्यादित’, म्हणजे जपून वापरायच्या गटात टाकलेला आहे. आपल्याकडं अख्खा व्यवहार त्यावर चालतो. रिझर्व्ह बँकेनंही ३१ जुलैला पर्यायी पद्धतींचा मसुदा काढला आहे. सरांचं टिपण घेतलं, पण अनुक्रमात शेवटी.

७ डिसेंबर २०२४

बोटांचे ठसे. प्रश्न दादाचा: ‘ऊसतोडीवरून आलेल्या बाईचा अंगठा लागत नाही, काय करू?’ त्याच्या पद्धती लिहून घेतल्या: हात धुऊन पुसायला लावायचे, कोरडे पडले असतील तर किंचित ओलावा, काच पुसायची, दाबून नव्हे तर सपाट ठेवायचं, दहाही बोटं करून बघायची आणि जे बोट चांगलं लागतं ते तिला लक्षात ठेवायला सांगायचं. मग डोळा, चेहरा, ओटीपी.

त्रुटी क्रमांक नीट वाचायचा, हे मी घातलं. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ३३० म्हणजे आधारधारकानं स्वतःच बायोमेट्रिक लॉक केलं आहे. तिथं कितीही हात धुतले तरी उपयोग नाही, आधी लॉक उघडायला हवं. बहुतेक वेळा ते घरातल्या कोणीतरी फसवणुकीच्या बातम्या वाचून केलेलं असतं आणि बाईला पत्ताच नसतो.

पीडीएफ दादानं त्याच्या तालुक्यातल्या केंद्रचालकांच्या गटावर टाकली. रात्रीपर्यंत पाच नवे प्रश्न आले, त्यातले दोन चांगले आहेत. एक असा: ‘ओटीपी ज्या नंबरवर जातो तो माणूस वारला, आता?’

११ जानेवारी २०२५

डेटा संरक्षण कायद्याच्या नियमांचा मसुदा ३ तारखेला आला. सूचना पाठवायला १८ फेब्रुवारीपर्यंत मुदत. ऑक्टोबरमध्ये मोकळ्या ठेवलेल्या भागावर आज बसलो, पण मसुद्यावरून पक्कं काही लिहायचं नाही असं ठरलं. टिपणाच्या डोक्यावर ‘नियम अंतिम झाल्यावर तपासणे’ असं घातलं आणि सांभाळणारी म्हणून मानव संसाधनवाल्या मैत्रिणीचं नाव. तिनं आधी नको-नको केलं.

वारलेल्या माणसाच्या नंबरचं टिपण ताई लिहिताहेत. वारस, बँक आणि सिमकार्ड कंपनी असे तीन भाग होतील. बदलीवाल्याचं टिपण एका कंपनीनं आपल्या अंतर्गत पुस्तिकेत जसंच्या तसं घेतलंय असं कळलं. श्रेय दिलेलं नाही. खराडीचा मित्र त्यांना परवान्याची आठवण करून देणारं पत्र लिहितोय, शक्य तितकं गोड.